गिरवण्याआधीचा हात

माझ्या आईच्या अंगठ्याचे ठसे असलेले कागद आमच्या घरात बरेच आहेत. घराच्या वाटणीचा कागद आहे, माझ्या शाळाप्रवेशाचा अर्ज आहे, रेशनकार्डाची जुनी पावती आहे. प्रत्येक ठसा पुसट. शाई कमी लावली असेल असे मला लहानपणी वाटायचे. पुढे लक्षात आले की शाई पुरेशी होती, अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. आई सिन्नरची. सातव्या वर्षापासून ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि ऐन उमेदीत दिवसाला हजार विड्या सहज उतरवायची. टेंभुर्णीचे भिजवलेले पान फर्म्यावर ठेवून कातरायचे, चिमटीने नेमकी तेवढीच तंबाखू पसरायची, पान बोटांत फिरवून वळायचे, तोंड दुमडून बंद करायचे, दोरा गुंडाळायचा. हे सारे ती बोलता बोलता करायची, हाताकडे न पाहता. आणि सही करायची वेळ आली की हाच हात दुसऱ्या कुणीतरी धरून शाईच्या गादीवर टेकवायचा.

लहान मुलांच्या बोटांचे कौशल्य, ज्याला बालशिक्षणाच्या पुस्तकांत ‘सूक्ष्म कारक कौशल्य’ असे जड नाव आहे, त्याचा इतिहास मी गेली काही वर्षे जमवतो आहे. त्याचे मूळ त्या पुसट ठशांत आहे. अक्षर लिहायच्या आधी हात तयार व्हावा लागतो, हे माणसाला कधी कळले? आणि कळल्यावर त्याने त्याचे काय केले?

कळले फार पूर्वी. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वगुरू क्विंटिलियन सांगतो की मुलाला अक्षरे शिकवताना ती फळीवर कोरून द्यावीत. लेखणी खाचेतून फिरली की बाहेर घसरत नाही, आणि शिक्षकाला मुलाचा हात धरावा लागत नाही. मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत असेही तो सुचवतो. म्हणजे अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी ते बोटांना भेटावे ही कल्पना निदान एकोणीसशे वर्षांची आहे.

आपल्याकडे ही कल्पना कुणी ग्रंथात मांडली नसेल, पण ती शब्दांत राहिली. ‘गिरवणे’ हा शब्द पाहा. दुसऱ्याने काढलेल्या अक्षरावरून हात पुन्हापुन्हा फिरवणे एवढाच त्याचा अर्थ. ‘कित्ता गिरवणे’ पुढे अनुकरणाला चिकटले आणि त्याला थोडा हीन वास आला, पण मूळ क्रिया हाताची आहे. ‘धुळाक्षरे’ हा दुसरा शब्द. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, चुकले की पाटी हलवायची. धूळ बोटाला किंचित अडवते. तेवढ्या अडथळ्याने अक्षराचे वळण बोटांना जाणवते. गुळगुळीत कागदावर ते जाणवत नाही.

या पद्धतीची सर्वांत तपशीलवार नोंद मला बंगालमध्ये सापडली. विल्यम अ‍ॅडम या स्कॉटिश माणसाने कंपनी सरकारसाठी १८३५ ते १८३८ या काळात देशी शाळांविषयी तीन अहवाल लिहिले. त्यांपैकी १८३६च्या दुसऱ्या अहवालात राजशाही जिल्ह्यातल्या शाळांमधले लेखनाचे चार टप्पे आहेत. पहिले दहा दिवस जमिनीवर काडीने अक्षरे. मग अडीच ते चार वर्षे ताडपत्रावर. त्यानंतर दोन-तीन वर्षे केळीच्या पानावर आणि शेवटी कागदावर. यातला दुसरा टप्पा मी पुन्हापुन्हा वाचला. गुरुजी लोखंडी लेखणीने ताडपत्रावर अक्षर कोरतात. मुलगा बोरू घेऊन, सहज पुसली जाईल अशा कोळशाच्या शाईने, त्या कोरलेल्या रेषेवरून हात फिरवतो. पान पुसतो, पुन्हा फिरवतो. खाचेची गरज उरली नाही असे दिसले की मग दुसरे, कोरे पान. क्विंटिलियनची फळी नाटोरच्या पंतोजीने वाचलेली असणे शक्य नाही. दोघांनी लहान मुलाचा हात जवळून पाहिला होता, इतकेच.

अ‍ॅडमच्या अहवालाचा उपयोग पुढे ‘देशी शाळा किती होत्या’ या वादात खूप झाला. एक लाख शाळा की कमी, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. ताडपत्रावरच्या त्या खाचेकडे मात्र कुणी फारसे पाहिले नाही. त्याआधीच मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली होती. त्याने ती पद्धत एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत वापरली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळांत वाळूचे बाक आले ते असे. धुळपाटी विलायतेला जाऊन आली, पण आपण तिला मागासलेली म्हणून सोडून दिली.

युरोपात हाताचा विचार वेगळ्या वाटेने आला. फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मन शिक्षक तरुणपणी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांची वर्गवारी करत असे. १८३७ साली ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी केंद्र काढले आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या खेळण्यांतून तो स्फटिक डोकावत राहतो. लोकरीचे चेंडू, मग लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन, मग तुकड्यांत विभागलेले घन. पुढे कागदाच्या पट्ट्या विणणे, टाचणीने भोके पाडून आकृती काढणे, कागदाच्या घड्या, मातीकाम. प्रशिया सरकारने १८५१ साली या बालवाड्यांवर बंदी घातली, नास्तिकता आणि समाजवाद पसरवतात म्हणून. कागदाच्या पट्ट्या विणणाऱ्या चार वर्षांच्या मुलांना सरकारे घाबरू शकतात, हे वाचून मला हसू आले. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला. बंदी १८६० मध्ये उठली.

फ्रोबेलच्या घड्यांच्या कागदाची एक शाखा भारतात फार वेगळी उगवली. १८९३ साली मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक निघाले. किंडरगार्टनच्या आठव्या क्रमांकाच्या साहित्यावरून, म्हणजे घड्यांच्या कागदांवरून, आपल्याला ही कल्पना सुचली असे त्यांनीच नोंदवले आहे. बहुभुजाकृतींपासून शंकुच्छेदापर्यंत सारे कागद दुमडून. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइनने त्याचा उल्लेख केला, त्यावरून अमेरिकन संपादकांचे लक्ष गेले आणि १९०१ साली शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. बालवाडीतल्या बोटांच्या खेळातून थेट गणितापर्यंत पोचलेला असा माणूस आपल्याकडे होऊन गेला, हे आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत क्वचितच येते.

आता मारिया माँटेसोरी. त्यांच्याविषयी मराठीत खूप लिहिले गेले आहे, म्हणून मी दोनच प्रसंगांपाशी थांबतो. दोन्ही त्यांनी स्वतः नोंदवलेले आहेत.

रोममध्ये मतिमंद मुलांबरोबर काम करताना त्यांच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातात जोर होता, हालचाल ठीक होती, पण शिवणाची पहिली पायरीसुद्धा जमेना. सुई खालून वर, वरून खाली घालत रफू करणे तिच्या हाताला समजतच नव्हते. माँटेसोरींनी शिवण बाजूला ठेवले आणि तिला फ्रोबेलच्या कागदी पट्ट्या विणायला दिल्या. तीच हालचाल, एकाआड एक, वर आणि खाली, पण सुई नाही. विणणे हाताला बसल्यावर तिला पुन्हा शिवणाकडे नेले. आता तिला रफू येत होते. माँटेसोरींनी यातून काढलेला निष्कर्ष त्यांच्या साऱ्या पद्धतीचा पाया ठरला : कामातली हालचाल कामाच्या आधी, वेगळ्या मार्गाने तयार करता येते. आधीच्या शतकात सेगँ या फ्रेंच डॉक्टरने अशाच मुलांसाठी साधने केली होती, ती त्यांनी अभ्यासली होती. पण हा प्रसंग त्यांचा स्वतःचा.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत त्यांचे बालगृह उघडले. तिथे लिहायला कुणी शिकवत नव्हते. मुले लाकडी ठोकळ्यातल्या दट्ट्या काढत-घालत होती. प्रत्येक दट्ट्याला छोटी मूठ, ती तीन बोटांतच धरता येईल अशी. लोखंडी आकृतीच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतला भाग रेघांनी भरायचा. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून दोन बोटे फिरवायची. दट्ट्याची मूठ पेन्सिलची पकड शिकवते, आकृती पेन्सिलवरचा ताबा शिकवते, खरखरीत अक्षर वळण शिकवते. तीन गोष्टी तीन वेळा, आणि एकदाही ‘लिही’ नाही. एका डिसेंबरात, उन्हात गच्चीवर बसलेले असताना, त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरचे धुराडे काढायला सांगितले. त्याने जमिनीवर धुराडे काढले, थोडा थबकला, आणि आपल्याला लिहिता येते असे ओरडत एक शब्द लिहिला. मग दुसरा, तिसरा. दुसरा शब्द होता ‘धुराडे’ आणि तिसरा ‘छप्पर’. पहिला शब्द होता ‘हात’.

या गोष्टीत थोडी पौराणिक चकाकी आहे हे मला मान्य आहे. माँटेसोरींना आपल्या पद्धतीचे चमत्कार सांगायला आवडत. इटालियन लिपी उच्चारानुसार लिहिली जाते, ही सोय इंग्रजी मुलाला नाही, मराठी मुलाला बऱ्यापैकी आहे. पण तयारी आधी आणि लेखन नंतर, या क्रमाबद्दल मला शंका वाटत नाही.

माझ्या टिपणवहीत १९३१ या वर्षाचे एक स्वतंत्र पान आहे. त्या साली येल विद्यापीठात एच. एम. हॅल्व्हर्सन यांनी तान्ह्या मुलांच्या पकडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा ते बावन्न आठवड्यांच्या बाळांसमोर एक इंचाचा लाल ठोकळा ठेवायचा आणि ते तो कसा उचलते याचे चित्रीकरण करायचे. चित्रफितीत दिसले की बाळ आधी सबंध हात टाकून ठोकळा तळव्याशी दाबते, हळूहळू काम अंगठ्याच्या बाजूला सरकते आणि वर्षाच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांची टोके समोरासमोर येतात. आपल्या आया ज्याला ‘आता मुरमुरा उचलायला लागला’ म्हणतात, ते पहिल्यांदा असे मोजले गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला गांधी आणि माँटेसोरी भेटले. गांधींचे स्वतःचे अक्षर वाईट होते आणि आत्मकथेत त्यांनी त्याची खंत केली आहे. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि फूल किंवा पक्षी पाहून काढतो तसे अक्षर पाहून काढू द्यावे, असा त्यांचा आग्रह त्या खंतीतून आला. सहा वर्षांनी वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीममध्ये टकळी आली तेव्हा, शिक्षणाच्या नावाखाली मुलांना कामाला जुंपणार का, असे विचारणारे होतेच.

आणि त्याच १९३१ साली भारतातल्या मजुरांविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल निघाला. अध्यक्षांच्या नावाने त्याला व्हिटले कमिशन म्हणतात. विडीच्या कारखान्यांविषयीच्या भागात पाच वर्षांच्या मुलांची नोंद आहे. दिवसाला दहा-बारा तास, जेवणाची धड सुट्टी नाही, आठवड्याची सुट्टी नाही आणि सर्वांत लहानग्यांना रोज दोन आणे. येलमधला लाल ठोकळा आणि हे दोन आणे एकाच वर्षातले आहेत. लहान मुलाची बोटे काय करू शकतात हे विडी कारखानदाराला आणि गालिच्याच्या मागवाल्याला मानसशास्त्रज्ञांच्या आधी माहीत होते, एवढेच मला या पानावरून दिसते. कोवळी बोटे गाठ बारीक मारतात ही समजूत गालिच्याच्या धंद्यात मुले ठेवायला सर्रास पुढे केली गेली. १९३८ साली कायदा झाला. विडी, गालिचे, काडेपेट्या अशा कामांच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालील मूल ठेवायला बंदी आली. पण मालक आपल्या कुटुंबाच्याच मदतीने काम करत असेल तर ती बंदी नाही, अशी सूट त्यातच होती. १९८६च्या बालमजुरी कायद्यातही ती सूट राहिली. माझी आई घरच्या ओट्यावर आजीशेजारी बसून तोंडे दुमडत होती. त्यात बेकायदेशीर काही नव्हते.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाईंबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. शहरातल्या मध्यमवर्गीय बालमंदिरांत माँटेसोरी साहित्य होते, पण ते महाग होते. माँटेसोरी स्वतः १९३९ साली मद्रासला आल्या. इटली युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधने आली आणि मुलगा मारिओ यांना काही काळ अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांचे अड्यारचे वर्ग तरीही चालू राहिले आणि भारतभर शिक्षक तयार झाले. साहित्याच्या किमतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

ताराबाईंनी तो १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला सोडवला. समुद्रकाठचे गाव. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. लाकडी दट्ट्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, काड्या, पाने आली. शिंपले लहान-मोठे लावायचे, बिया वेगळ्या करायच्या, मणी ओवायचे, माती मळायची. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून ‘अंगणवाडी’. गुरे राखणारी मुले तेवढ्यावरही येईनात, तेव्हा अनुताईंनी कुरणशाळा काढल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोचले, शिंपले आणि बिया सगळीकडे पोचल्या असे म्हणता येणार नाही.

इथे एक गोष्ट मला खटकते, आणि ताराबाई-अनुताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. कोसबाडच्या परिसरात वारली बायका लग्नाचा चौक लिहीत होत्या. तांदळाचे पीठ, चघळून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी आणि कुडाची खरखरीत भिंत. बोटांच्या ताब्याची याहून कठीण परीक्षा नाही. वारली लोक त्याला चित्र काढणे नव्हे, ‘लिहिणे’च म्हणतात. या हातांच्या घरातले मूल पाटी-पेन्सिलसमोर आले की त्याची नोंद ‘निरक्षर घरातले’ अशी व्हायची. आमच्या घरातही मी तसाच नोंदवला गेलो असणार. सागरगोटे झेलणारी, रांगोळीची रेघ चिमटीतून सोडणारी, वाती वळणारी बोटे आपण कधी शिक्षणात मोजलीच नाहीत.

आज उलटे चालले आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मावेळी ती सारी कूर्चेचीच असतात. पहिली दोन काही महिन्यांत हाडाची होऊ लागतात, सातवे सहा-सात वर्षांच्या सुमारास आणि शेवटचे त्याहून बरेच उशिरा. हाडे तयार नाहीत म्हणून लिहिता येत नाही इतके ते सरळ नाही. स्नायू, डोळा, मेंदू, सराव सगळेच त्यात आहे. पण तीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत किंवा सगळ्या बोटांनी धरते आणि तीन बोटांची पकड साधारण चार ते सहा वर्षांत बसते, हे कुणीही घरी पाहू शकतो. आमच्या शेजारच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला तिच्या शाळेने रोज एक पान ‘ए’ ते ‘ई’ लिहून आणायला सांगितले होते. चार रेघांच्या वहीत. तिची आई तिचा हात आपल्या हातात धरून ते पान पुरे करायची. पेन्सिल त्या मुलीच्या हातात होती खरी, लिहीत होती आई. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळावर भर दिला आहे. वहीचे पान तरीही येतेच, कारण शाळेला पालकांना दाखवायला काहीतरी लागते. मळलेली माती दाखवता येत नाही.

१९९१च्या सुमारास आमच्या गल्लीत साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. आई पन्नाशीला आलेली. शिकवायला येणारी मुलगी बारावीची होती आणि आई तिला ‘बाई’ म्हणायची, ती आईला ‘मावशी’. माँटेसोरींचे पुस्तक मी तेव्हा वाचलेले नव्हते, पण आज आठवताना त्यांच्या त्या अकरा वर्षांच्या मुलीची आठवण होते. आईची रेघ पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती. ‘ग’ची गाठ, ‘ळ’चे दोन वळसे, सगळे एका दमात. बाई चकित. पण अक्षरे लक्षात राहीनात. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळ व्हायचा, कान्याचा आवाज विसरायची. म्हणजे हाताची तयारी होती आणि बाकी सारे, जे पाचव्या-सहाव्या वर्षी व्हायला हवे होते, ते नव्हते. हात तयार असला की अक्षर आपोआप उमलते, हा माँटेसोरींचा विश्वास मी आमच्या ओट्यावर अर्धाच खरा ठरताना पाहिला. एका कामात मुरलेला हात दुसऱ्या कामात तेवढाच चालेल असे नाही, आणि हाताला साथ देणारे शब्द, गोष्टी, वेळ या गोष्टी विडीच्या सुपात नसतात.

ती पाटी टेबलावर ठेवत नसे. सूप मांडीवर घ्यायची, त्यात पाटी ठेवायची आणि हात फिरवण्याऐवजी पाटीच फिरवायची, पान फिरवावे तशी. तीन महिन्यांनी पतपेढीच्या फॉर्मवर तिने पहिली सही केली. पाच अक्षरे, शिरोरेघ एकसलग. मग सवयीने कागदाचा कोपरा अंगठ्याच्या नखाने दुमडून बंद केला. कारकुनाने तो कोपरा सरळ करून फॉर्म फायलीत लावला.